बैठक चार बोटं खाली

अमरावतीहून निघालो तेव्हा माझ्या डोक्यावरचे केस जेमतेम तीळभर वाढले होते. धाकटा भाऊ विनू जाऊन महिना होत आला होता. वडील नाहीत, विनूचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून क्रियेला मीच बसलो. डोक्यावर पांढरी टोपी, पिशवीत विनूची वही आणि खिशात त्याच्याच नावानं उमरखेडहून आलेलं एक पत्र, एवढं घेऊन मंगळवारी पहाटेच्या मोटारीत चढलो.

पत्र युसूफ मिस्त्रींचं होतं. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मजकूर थोडका होता. ‘विमान तयार आहे. येत्या गुरुवारी धनसिंगभाऊ उडणार. तुमच्या नक्शाप्रमाणे बैठक खाली घेतली आहे. आपण जरूर यावे.’ विनू गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळवणारा मीच होतो, आणि मी कुणालाच काही कळवलं नव्हतं.

तार करता आली असती. तारघरात जाऊन मी तीनदा कागद भरला आणि तीनदा फाडला. ‘विनू वारला’ एवढंच लिहिलं तर ते दुःख करतील आणि उडतील. ‘उडू नका’ लिहिलं तर का, ते चार शब्दांत सांगता येईना. खरं म्हणजे ते मला चाळीस शब्दांतही सांगता आलं नसतं.

विनू नागपूरला विमानं दुरुस्त करण्याच्या कामावर होता आणि तिथंच उडायला शिकला होता. धनसिंग राठोड हा फुलसावंगीकडचा बंजारा शेतकरी त्याच वेळी तिथं शिकायला आला. दोघेही सहा फुटांच्या वर. विनू काडीसारखा, धनसिंग मात्र अंगानं भक्कम. एका विलायती मासिकात घरच्या घरी बांधायच्या छोट्या विमानाचा नक्शा आला होता. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, जुन्या मोटारीचं इंजिन, एकट्यानं बसायची जागा आणि माणसाच्या डोक्यावर छपरासारखा एकच लांब पंख. दोघांनी ते बांधायचं ठरवलं, एकानं अमरावतीजवळच्या एका मळ्यात, दुसऱ्यानं उमरखेडच्या मिस्त्रीकडून.

पण नक्शा ज्यानं काढला तो माणूस ठेंगणा असावा. विनू आत बसला की त्याची टाळू पंखाला लागे. म्हणून त्यानं नक्शात स्वतः दुरुस्ती केली. बैठक चार बोटं खाली घेतली. ती दुरुस्त केलेली प्रत त्यानं मिस्त्रींना पाठवली होती.

बैठक खाली गेली की गुडघे वर येतात. हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असतं. मोठी मुलं लहानांच्या बाकावर बसतात तेव्हा आम्ही ते रोज पाहतो. विमानात दोन गुडघ्यांच्या मधोमध एक दांडा असतो. तो डावीकडे नेला की विमान डावीकडे कलतं, उजवीकडे नेला की सरळ होऊन उजवीकडे. विनूचं विमान झाडाच्या उंचीवर गेलं, डावीकडे कललं आणि पुन्हा सरळ झालंच नाही. त्याला आंघोळ घालताना मी त्याच्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक काळानिळा वळ पाहिला. दांड्याएवढा रुंद. बाकी कुणी तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी कळलं नसतं.

मला कळलं, कारण माप घेताना फितीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. विनू म्हणाला होता, “दादा, गुडघा जरासा लागतो दांड्याला. चालेल ना?” आणि मी गुडघ्यावर उघडं ठेवलेलं पुस्तक न मिटता म्हटलं होतं, “तुला चालत असेल तर चालेल.”

यवतमाळला मोटार बदलली. आर्णीच्या रस्त्याला लागलो तशी दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशीची काळी रानं आणि मधूनमधून पळस. फुलं नुकती लागली होती. एरवी मला पळस आवडतो. त्या दिवशी पानं नसलेल्या फांद्यांवरचा तो लाल रंग बघवेना, म्हणून मी समोरच्या बाकावरच्या टोपल्यांकडे बघत राहिलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, खांद्यावर उपरणं, मांडीवर गुळाची ढेप. थोड्या वेळानं त्यांना राहवलं नाही.

“काहो मास्तर, कुठी चालले?”

मी मास्तर आहे हे लोकांना कसं कळतं, कोण जाणे. “उमरखेडला,” मी म्हटलं.

“थे इमान पाह्याले तं नाई?”

म्हणजे बातमी इतक्या दूर आली होती. “तुम्हाला माहीत आहे?”

“साऱ्या मुलखाले माहीत हाये. मिस्त्रीनं इमान बांधलं अन् त्याच्यात धनसिंग बसून राह्यला. अहो, धनसिंग बंडीत (बैलगाडीत) बसला तं बैल मागं वळून पाह्यते, का बाप्पा, कोण चढलं!” पुढच्या बाकावरची दोन माणसं हसली. म्हातारबुवांना जोर आला. “मी तं म्हणतो, इमान वर जायच्या आंधी चाकं जमिनीत जातीन. पेरणी होऊन जाईन बिना बैलाची!”

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

आर्णीला मोटार अर्धा तास थांबली. गरम आलुबोंडे आणि चहा घेतला. बोंडा हातात धरला आणि एका कुत्र्याला दिला. पुढे सात-आठ मैलांवर मागचं चाक फुटलं. जॅक चालेना. येणाऱ्या दुसऱ्या मोटारीची वाट बघत सगळे एका निंबाखाली बसले. बायकांनी शिदोऱ्या सोडल्या. म्हातारबुवांनी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “कायले एवढे घाबरले? आज नाई तं उद्या पोहोचू.” मी त्यांना सांगितलं की मला परवाच्या आत पोहोचायचं आहे. “मंग तं लय टाइम हाये,” ते म्हणाले. वेळ होता. पण मला भीती उशिराची नव्हती. पोहोचलो तरी तोंड उघडेल का, याची होती. निंबाखाली बसल्या बसल्या मी वाक्यं जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्य शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबे: माझा भाऊ चुकला.

उमरखेडला दिवेलागणीच्या सुमारास उतरलो. मोटारी थांबतात त्याच्या मागेच मिस्त्रींचा कारखाना होता. पत्र्याची लांब पडवी, बाहेर एक उघडी पडलेली ट्रक, तेलानं काळी झालेली जमीन. आणि आत, दोन कंदिलांच्या उजेडात, ते विमान.

मी दारातच थांबलो. पंख काढून भिंतीशी उभा केला होता, पण बाकी सगळं तेच होतं. तेच निमुळतं शेपूट, कापडावरचा तोच रोगणाचा वास. मळ्यातल्या ज्या वस्तूचे तुकडे मी गोळा करून जाळले होते, ती इथं अखंड उभी होती.

युसूफ मिस्त्री पन्नाशीचे, बुटके, दाढी मेंदीनं रंगवलेली. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या मागे पाहिलं. “अन् इनूभाऊ? मागून येऊन राह्यले का?”

“नाही,” मी म्हटलं. “विनू गेला.”

ते तसेच एका टायरवर बसले. हातातला पाना त्यांनी हळूच जमिनीवर ठेवला, आवाज होऊ नये असा. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले. मग विचारलं, “कसं झालं?”

“पडलं,” मी म्हटलं.

त्यांनी पुढचं विचारावं म्हणून मी थांबलो. मृताच्या भावाला असलं काही विचारायचं नसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही.

रात्रीचं जेवण शेजारच्या वाण्याकडून मागवण्याची त्यांची खटपट चालली होती. मी म्हटलं, तुमच्याच घरचं चालेल. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. जेवताना मी धीर करून बैठकीचा विषय काढला.

मिस्त्रींचा चेहरा जरा खुलला. “थे तं भारी काम झालं, मास्तरसाब. धनसिंगभाऊ पागोटं काढत नाई. मी म्हणलं, भाऊ, पंख डोक्यावर हाये, पागोटं बसत नाई. थो म्हणे, ‘मिस्त्री, नंगं डोकं फक्त मयतीले. नव्या गाडीत मी बोडक्यानं नाई बसणार.’ मंग काय? पागोट्यासकट माप घेतलं. इनूभाऊची चार बोटं, अन् पागोट्याची आणखी दोन.”

“सहा बोटं?”

“माह्या बोटानं सहा,” त्यांनी आपला हात पुढे केला. जाड, तेलकट, कामानं फुगलेली बोटं. माझी आठ भरली असती.

“माप घेतलं तेव्हा दांडा फिरवून पाहिला होता?”

“दांडा? दांडा तं सरळ होता ना. माप घेताना माणूस हालत नाई, मास्तरसाब. शिंप्याकडे कोट शिवाले टाकला तं काय नाचता का तुमी?” ते हसले. मग विनूची आठवण येऊन त्यांचं हसू अर्ध्यात थांबलं.

मी ताटावरून उठलो. सांगायची वेळ ती होती. त्यांच्या घरचं अन्न खाऊन, त्यांच्या दोन वर्षांच्या कामाला आणि माझ्या मेलेल्या भावाला एकाच वाक्यात खोटं पाडायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही.

बुधवारी सकाळी विमान ट्रकवर चढवलं. धनसिंगचा तांडा फुलसावंगीच्या अलीकडे, आणि उडायचं मैदान तांड्याशेजारच्या त्याच्या शेतात. पंख दोरांनी बांधला, मागे चार माणसं बसली. माझ्यासाठी जागा उरली नाही.

“आत बसा,” मिस्त्री म्हणाले. “हौद्यात बसा राजावानी.” विमानातल्या बसायच्या जागेला ते हौदा म्हणत.

मी नको म्हणत असताना त्यांनी मला उचलल्यासारखं करून आत बसवलं. ट्रक निघाली. मी ठेंगणा, बारीक माणूस. त्या सहा बोटं खाली गेलेल्या बैठकीत मी विहिरीत बसल्यासारखा दिसत असेन. समोरच्या फळीवरून फक्त आभाळ दिसत होतं. दोन गुडघ्यांच्या मध्ये दांडा होता. धक्क्यानं तो आपोआप हलत होता. मी त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण एका वळणावर तोल गेला आणि मी तो धरला. डावीकडे नेला. उजवीकडे नेला. कुठंही काही लागलं नाही. माझ्या मांड्या आणि दांडा यांच्यात वीतभर जागा होती. ते विमान मला बरोबर बसत होतं.

तेवढ्यात खिंडीतल्या वाऱ्यानं माझी टोपी उडवली. मी ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

असा मी तांड्यावर पोहोचलो. बोडका, आणि त्यातही क्रियेला बसलेल्याचं डोकं. विमान येणार म्हणून बायका गाणी म्हणत पुढे आल्या होत्या. हातभर बांगड्या, आरसे लावलेल्या चोळ्या. ट्रक थांबली, मी त्या खड्ड्यातून उभा राहिलो, आणि गाणं तिथल्या तिथं बंद झालं. एक बाई दोन पावलं मागे सरकली.

गर्दीतून धनसिंग पुढे आला. म्हातारबुवांनी काही वाढवून सांगितलं नव्हतं. दारातून वाकून निघायची सवय लागलेला, रुंद, सावळा माणूस. डोक्यावर लाल पागोटं, त्यामुळे आणखीच उंच. त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. विनूचा आणि माझा चेहरा सारखा आहे असं लोक म्हणतात.

“कोण गेलं?” त्यानं विचारलं. पण ते त्याला कळलं होतं.

तो रडला. एवढा मोठा माणूस ट्रकच्या फळीला कपाळ टेकून रडला, आणि त्याची याडी (आई) त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता हा उडणार नाही. माझं काम झालं. मला काही बोलावंच लागणार नाही. त्या सुटकेची मला अजून लाज वाटते.

डोळे पुसून धनसिंग म्हणाला, “मास्तर, आता तं मी उडतोच. इनूच्या नावानं उडतो. त्याचं राह्यलेलं मी उडेन.”

दुपारभर पंख बसवण्याचं काम चाललं. मी मोहाच्या झाडाखाली बसून होतो. धनसिंग मधूनमधून येऊन बसे आणि विनूच्या आठवणी सांगे. आजोबा पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन समुद्रापर्यंत मिठासाठी जात, हे तो फार अभिमानानं सांगत होता. “आजा महिना महिना चालत जाये. मी इनूले म्हणलं, मी वरून जाईन. थो म्हणे, धन्या, तुह्या वजनाचं मीठ आणशीन तरी बस.” असं म्हणून तो हसला आणि पुन्हा रडला.

अशा माणसाला काय सांगायचं? दोनदा मी सुरुवात केली. “धनसिंगभाऊ, ती बैठक...” पहिल्यांदा मिस्त्रींनी त्याला हाक मारली. दुसऱ्यांदा याडी गूळ-पाणी घेऊन आली. तिनं पेला माझ्या हातात न देता खाली ठेवला, आणि मला नीट समजेल अशा मराठीत म्हणाली, “बापू, उद्या सकायी तू समोर नको येऊ. माग ऱ्हा. वाईट नको वाटून घेऊ.” अपशकुन हा शब्द तिनं उच्चारला नाही.

मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, बरं झालं. मागे राहायचा हुकूमच झाला.

गुरुवारी सूर्य उगवला तेव्हा शेतात दोनशे तरी माणसं जमली होती. फुलसावंगीहून बंड्या आल्या होत्या. धसकटं काढून सपाट केलेली लांब पट्टी, टोकाला दोन बाभळी. विमानाच्या नाकाला हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला. मी शेपटाच्या मागे, मोहाखाली, उपरणं डोक्यावर घेऊन उभा होतो. धनसिंग चढला. आत बसायलाच त्याला वेळ लागला. आधी एक पाय, मग पागोटं सांभाळत मान वाकवून दुसरा. मागून मला फक्त त्याचं पागोटं आणि पंख यांच्यातली बोटभर फट दिसत होती. लोक टाळ्या वाजवत होते. मिस्त्रींनी पुढच्या पंख्याला हात घातला. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं नाही. दुसऱ्याला खोकलं.

तिसऱ्या झटक्याच्या आधी मी चालू लागलो.

मोहापासून हौद्यापर्यंत पंधरा पावलं असतील. डोक्यावरचं उपरणं कुठं पडलं ते कळलं नाही. कुणीतरी ओरडलं, “ओ मास्तर! मागं व्हा!” याडीनं तोंडावर पदर घेतला. मी विमानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो आणि आतल्या काठाला दोन्ही हातांनी धरलं, सोडलं तर पडेन असं.

“धनसिंगभाऊ,” मी म्हटलं. माझा आवाज शाळेत मागच्या बाकापर्यंतही जात नाही. “दांडा उजवीकडे घ्या.”

“काहून?”

“घ्या. शेवटपर्यंत.”

त्यानं घेतला. चार बोटं गेला आणि गुडघ्याला अडला. त्याचे गुडघे उकिडवं बसलेल्या माणसासारखे छातीशी आले होते. त्यानं मांडी बाहेर दाबली. बाहेर विमानाची भिंत होती.

“थोडा लागते,” तो म्हणाला. “चालते एवढं.”

तोच शब्द. “विनूही हेच म्हणाला होता,” मी म्हटलं. “त्याची बैठक चार बोटं खाली होती, तरी लागत होतं. तुमची सहा आहे. विमान डावीकडे कललं, त्याला उजवीकडे दांडा नेता आला नाही. मी त्याचा गुडघा पाहिला आहे. तिथं दांड्याचा वळ होता.”

मिस्त्री पंखा सोडून पुढे आले होते. “मास्तरसाब, नक्शा तं इनूभाऊचाच हाये ना?”

“हो. नक्शात विनू चुकला. माप घेताना मी होतो. त्यानं मला विचारलं होतं. मी चालेल म्हणालो.”

धनसिंगचा चेहरा रागानं काळवंडला. “मेलेल्या माणसाले चूक म्हणता? सख्खे भाऊ असून? अन् आज, नारळ फुटल्यावर?” तो मिस्त्रींकडे वळला. “मिस्त्री, फिरवा पंखा!”

मिस्त्री हलले नाहीत. ते त्या अडलेल्या दांड्याकडे बघत होते. त्यांनी हात आत घातला, दांडा धरला आणि धनसिंगच्या गुडघ्यावर दोनदा आपटला. लाकडावर ठोकून पाहावं तसा. “माणसाले नाचवाले पाह्यजे होतं,” ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं, “भाऊ, उतरा. बैठक वर घेतो.”

“बैठक वर घेतली तं पागोटं कुठी जाईन?”

“काढा पागोटं.”

“नाई!” धनसिंग ओरडला. “नाई म्हणजे नाई. शुभ कामाले बोडका? लोक काय म्हणतीन, राठोडाच्या घरी कोण मेलं?”

तेव्हा याडी पुढे आली. लहानखुरी बाई, चालताना पायातले तोडे वाजत होते. लेकाशी ती गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, काही बोलली. मला त्यातलं विनूचं नाव तेवढं कळलं. धनसिंग मान हलवत राहिला. मग तिनं भाषा बदलली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

“इनूले तू काय म्हणे? भाऊ म्हणे ना? आपल्या चुलीपाशी जेवला का नाई थो? मंग तुह्या घरी कोणी मेलं नाई कसं?”

धनसिंगनं दांड्यावरचा हात काढला.

“मयत ऐकली काल. ऐकल्यापासून दिवस धरतेत. काल मीच चुकली. गाणं बंद केलं अन् आजचा नारळ नाई बंद केला.” तिनं हात वर केला. “काढ पागोटं. धा दिवस नवं काम नाई, चूल गोड नाई, इमान नाई. उतर.”

इतक्या सगळ्या वेळात मी काठ धरूनच होतो. धनसिंगनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग त्यानं आपलं पागोटं उचलून याडीच्या हातात दिलं. आतून घामेजलेले, मधोमध विरळ झालेले केस निघाले, आणि तो एकदम वयस्क दिसू लागला. त्याच वेळी कुणी न सांगता मिस्त्रींनी त्याला अंग उचलायला सांगून बैठकीवर एक जाड फळी सरकवली. गुडघे खाली गेले. दांडा दोन्हीकडे मोकळा फिरला. पण बोडक्या डोक्यानंसुद्धा धनसिंगची टाळू पंखाच्या कडेला थडकली.

मिस्त्रींनी पंख तोलून धरणारे खांब वितीनं मापले. “माणूस खाली नाई जात,” शेवटी ते म्हणाले. “पंख वर उचलू. खांब लांब करा लागतीन. चारही. पुरा जोड नवा.”

“किती दिवस?” धनसिंगनं विचारलं.

“धा दिवसात तं होत नाई,” मिस्त्री म्हणाले. “दसऱ्यापर्यंत पाहू.”

लोक पांगले. एक पोरगेलासा गाडीवान दुसऱ्याला म्हणाला, “नारळ फुकटचा गेला रे!” त्याला कुणी तरी दटावलं.

दुसऱ्या दिवशी धनसिंग मला बंडीनं मोटारीपर्यंत सोडायला आला. तो माझ्यावर रागावलेला होता आणि मला ते रास्त वाटत होतं. थांब्यावर ओळखीची माणसं होती. एकानं त्याचं उघडं डोकं पाहून विचारलं, “काय झालं भाऊ? कोण गेलं?”

“भाऊ गेला माहा,” धनसिंग म्हणाला.

महिनाभर हे वाक्य मी एकटाच म्हणत होतो. मोटार आली. मी चढलो, खिडकीशी बसलो. तो खिडकीजवळ आला, वाकला आणि एकदम विचारलं, “मास्तर, इनूनं नक्शा आणखी कोणाले देल्ला?”

मला ते सुचलंच नव्हतं. आर्णी मागे पडेपर्यंत मी पिशवीतून वही काढली नाही. मग काढली. शेवटच्या पानावर विनूच्या बारीक अक्षरात तीन नावं होती. पहिलं उमरखेडचं. बाकीची दोन दूरच्या गावांची.

प्रवास करून माणूस घरी येतो तेव्हा पाहिलेल्या गोष्टी मनात हळूहळू जागा घेतात, असा माझा अनुभव होता. यावेळी तसं झालं नाही. पळस, मोह, तांडा, अंबाडीची भाजी, सगळं आठवतं, पण त्या सगळ्यांच्या मधून त्या पंधरा पावलांची भीती चालत येते. अजूनही सकाळी जाग आली की पहिल्यांदा वाटतं, मी मोहाखालीच उभा आहे आणि पंखा फिरला आहे. बोलल्यानं भीती जाते म्हणतात. माझी गेली नाही. फक्त विनू चुकला हे मी मोठ्यानं म्हटलं आणि त्यामुळे तो माझ्यापासून दूर गेला नाही, एवढं मला कळलं.

पोहोचलो त्याच दिवशी दोन्ही पत्त्यांवर पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं. त्यांनी अजून लाकूडसुद्धा आणलेलं नव्हतं. दुसरं पत्र महिन्याभरानं परत आलं, वर टपालवाल्यानं लिहिलं होतं की गृहस्थ गाव सोडून गेले. कुठं, ते लिहिलं नव्हतं.

हा वृत्तान्त मी छापायला दिला तो त्यांच्यासाठी. डोक्यावर पंख असलेल्या छोट्या विमानाचा हातानं काढलेला नक्शा ज्यांच्याकडे असेल आणि त्यात बैठकीपाशी निळ्या शाईत ‘चार बोटं खाली’ असं असेल, त्यांनी ते खोडावं. ती चूक आहे. पंख वर उचलावा, आणि आत बसून दांडा दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय जमीन सोडू नये.

गाव सोडून गेलेल्या त्या गृहस्थांना मी पाहिलेलं नाही. नाव तेवढं ठाऊक आहे. देव करो आणि ते ठेंगणे असोत.